सह्याद्रीचा डोंगर तैलरंगात रंगवायला कसे शिकावे?

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे हे उत्तर कशाचे आहे ते इतर वाचकांनाही कळेल. शाळेत इंटरमिजिएट परीक्षेपर्यंत आपण जलरंगात निसर्गचित्रे केली, पुढे नोकरीत हात सुटला आणि आता निवृत्तीनंतर तैलरंग हाती घेतले आहेत. व्हिडिओ पाहून बर्फाची शिखरे बरी जमली. पण वाईजवळ बसून पांडवगड रंगवायला घेतला तेव्हा चित्रात तपकिरी ढीग उभा राहिला, मागच्या रांगा पुठ्ठ्यातून कापून चिकटवल्यासारख्या दिसू लागल्या आणि तासाभरात सगळा रंग मळका झाला. कुठे चुकते आणि कोणत्या क्रमाने शिकावे, असे आपण विचारले आहे.

वाईच्या खोऱ्यात मी स्वतः अनेक हिवाळे चित्रे केली आहेत आणि अनेकांना तिथे बसवून शिकवलेही आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की आपल्या तिन्ही तक्रारींचे मूळ बव्हंशी एकच आहे. आपण डोंगराचा रंग शोधत आहात, आणि डोंगराचा टोन व त्याची बांधणी या दोन गोष्टी त्या शोधात मागे राहिल्या आहेत. टोन म्हणजे एखादा रंग किती उजळ किंवा किती गडद आहे याचे माप. टोन बरोबर असेल तर डोंगर निळा, करडा किंवा जांभळट, कसाही रंगवला तरी तो आपल्या जागी उभा राहतो. टोन चुकला तर हुबेहूब जुळवलेला रंगही त्याला वाचवू शकत नाही.

व्हिडिओतील पद्धतीविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण ती पद्धत वाईट नाही, ती वेगळ्या डोंगरासाठी आहे. कॅनव्हासवर पातळ, ओला पांढरा थर देऊन त्यावर नाइफने, म्हणजे रंगाच्या चपट्या सुरीने, घट्ट रंग ओढला की तो तुटत तुटत बसतो आणि खडकाच्या धारदार कोनांवर बर्फ साचल्याचा भास होतो. हिमालयासारख्या, घड्या पडून उंचावलेल्या आणि हिमनद्यांनी कोरलेल्या टोकदार पर्वतांना हा तुटका फटकारा शोभतो. सह्याद्रीची घडण तशी नाही. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेला लाव्हा थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले, आणि पुढे पावसाने व नद्यांनी ते कोरून हे डोंगर उरले. या खडकाला भूशास्त्रज्ञ ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्द जिन्याच्या पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. चित्रकाराला सह्याद्रीविषयी पहिली गोष्ट कळायला हवी ती हीच, की हा जिना आहे.

म्हणून रंगांना हात लावण्याआधी पेन्सिलीने पंधरा-वीस रेखाटने करावीत, आणि ती करताना डोंगराच्या बाह्यरेषेपेक्षा त्याच्या अंगावरच्या आडव्या पट्ट्यांकडे लक्ष द्यावे. लाव्ह्याचा कठीण थर उभा तुटतो, तो कडा. मऊ, लवकर झिजणारा थर उतरता होतो, त्यावर गवत उगवते. मध्येच एखादी सपाटी येते, तिच्यावर झाडी असते. आपल्याकडचे डोंगरभटके तिला ‘पदर’ म्हणतात. कडा, उतार, पदर, पुन्हा कडा, असा हा क्रम माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालतो. हे थर जवळजवळ आडवे असल्यामुळे एका डोंगरावर कड्याचा पट्टा ज्या उंचीवर दिसतो, त्याच्या आसपासच्या उंचीवर तो पुष्कळदा शेजारच्या डोंगरावरही सापडतो. नवशिक्या चित्रकार प्रत्येक डोंगराला मनाला येईल त्या उंचीवर कडे काढतो, आणि मग ती रांग एकाच पठारातून कोरली गेली आहे असे वाटेनासे होते. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण चित्र खोटे वाटते.

यातच यथार्थदर्शनाचा, म्हणजे चित्रात जवळ-दूर दाखवण्याच्या पद्धतीचा, एक नियम दडलेला आहे. आपल्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर असलेल्या आडव्या रेषा दूर जाताना खाली क्षितिजाकडे झुकतात. खोऱ्याच्या तळाशी बसून पाहताना डोंगराची सोंड आपल्याकडे येत असेल, तर तिच्यावरचे कड्यांचे पट्टे आपल्याजवळ उंच आणि दूरवर खाली उतरलेले दिसतात; घराच्या छपराची कड जशी झुकते तसेच. हा झुकाव दाखवला की सोंड पुढे येते आणि तिच्या बाजूची घळ आत जाते. या एका रेषेने जे काम होते ते रंगाच्या दहा छटांनी होत नाही.

आता टोनकडे येतो, कारण उत्तराचा सर्वांत मोठा भाग त्याचाच आहे. निसर्गदृश्यात प्रकाश वरून, आकाशातून येतो. त्यामुळे सामान्यतः आकाश सर्वांत उजळ असते, सपाट जमीन आकाशाकडे तोंड करून असल्याने तिला भरपूर प्रकाश मिळतो आणि ती त्याखालोखाल उजळ दिसते, उतारांना कमी प्रकाश मिळतो आणि झाडांसारख्या उभ्या गोष्टींना त्याहून कमी. आपल्या पांडवगडाच्या चित्रात उन्हाळलेले गवताचे माळरान आणि डोंगराचा उतार एकाच टोनमध्ये रंगवलेला असणार, असा माझा अंदाज आहे. दोन्हीवर तेच पिवळे गवत आहे, म्हणून डोळा फसतो. डोळे अर्धवट मिटून पाहा. माळ उजळून पुढे येईल आणि उतार एक पायरी खाली जाईल.

या नियमाच्या जोडीला हवेचा परिणाम येतो. आपण आणि डोंगर यांच्यामध्ये जी हवा असते तिच्यातील कण प्रकाश विखुरतात, आणि निळा प्रकाश त्यात अधिक विखुरला जातो. हा विखुरलेला प्रकाश डोंगराच्या गडद भागांवर पडद्यासारखा चढतो, म्हणून दूरच्या सावल्या उजळतात आणि निळ्या होतात. उजळ गोष्टींच्या बाबतीत उलटे घडते: त्यांच्याकडून डोळ्यांपर्यंत येणाऱ्या प्रकाशातला निळा भाग वाटेतच गळतो, त्यामुळे क्षितिजाजवळचे पांढरे ढग किंचित पिवळसर, गुलाबी दिसतात. ‘दूरचे सगळे निळे’ असे पाठ केलेला विद्यार्थी दूरच्या उन्हालाही निळे करतो, आणि तिथे ऊन मरते. दूर गेलेल्या सावलीला निळे करावे. दूर गेलेल्या उन्हाला मात्र फिके करताना त्याची ऊब राखावी.

आणखी एक निरीक्षण मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच सकाळी करायला लावतो. धुके आणि धूळ दरीच्या तळाशी जास्त असते, माथ्याजवळ कमी. म्हणून दूरचा डोंगर माथ्याशी गडद आणि पायथ्याशी फिका असतो. जवळजवळ प्रत्येक जण याच्या उलट रंगवतो, कारण ‘वस्तू जमिनीवर टेकते तिथे गडद’ हे स्थिरचित्रातले शिक्षण हातात मुरलेले असते. आपल्या रांगा कापून चिकटवल्यासारख्या दिसतात त्याचे निम्मे कारण मला हेच वाटते. मागच्या रांगेचा पायथा फिका करत नेला की पुढच्या रांगेची गडद धार आपोआप उठून दिसते. तिला वेगळी रेषा मारावी लागत नाही. उरलेले निम्मे कारण रांगांच्या कडांमध्ये, म्हणजे त्यांच्या धारांमध्ये आहे, त्याविषयी पुढे लिहितो.

हे सगळे हातात बसवण्यासाठी सुरुवातीला फक्त बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि पांढरा, एवढ्या दोनच रंगांत चित्रे करावीत. पॅलेटवर नाइफने चार ढीग करावेत: आकाशाचा, मागच्या रांगेचा, मुख्य डोंगराचा आणि पुढच्या झाडीचा. चारही ढीग शेजारी ठेवल्यावर एकमेकांपासून स्पष्ट वेगळे ओळखू आले पाहिजेत. मग ६ × ८ इंचांच्या तुकड्यावर, एकाही ढिगात दुसरा न मिसळता, अर्ध्या तासात चित्र उरकावे. अशी वीस चित्रे होईपर्यंत निळ्या-हिरव्या नळ्या पेटीतून काढू नयेत. हे सांगितल्यावर अनेकांचे तोंड उतरते, याची मला कल्पना आहे; पण माझ्या गुरूंनी मला एक पूरा हिवाळा एकाच टेकडीसमोर, अशाच दोन रंगांत बसवले होते, आणि मला जे काही येते त्याचा पाया त्या हिवाळ्यात पडला, असे मी मनापासून मानतो.

वेळ आणि जागा कशी निवडावी, हेही शिकण्याचाच भाग आहे. आपण पांडवगड निवडलात हे उत्तम झाले, कारण वाई-मेणवलीच्या बाजूने तो साधारण उत्तरेकडे दिसतो. उत्तरेकडे तोंड असले की सकाळचे ऊन उजवीकडून आणि संध्याकाळचे डावीकडून येते, म्हणजे प्रत्येक सोंडेची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत असते. हेच आपण पश्चिमेकडे, धोमच्या जलाशयाच्या दिशेने बसलात तर सकाळी ऊन पाठीमागून येऊन डोंगर सपाट दिसेल, आणि संध्याकाळी समोरून येऊन त्याची नुसती काळी आकृती उरेल. दक्षिणेला पाचगणीच्या पठाराची भिंत आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे तिची आपल्याकडची बाजू बराच वेळ सावलीत असते. केवळ निळ्या-जांभळ्या सावलीचा अभ्यास करायचा असेल, तर तिच्यासारखा दुसरा विषय नाही. मात्र पहिल्या वर्षी उत्तरेकडेच तोंड ठेवावे.

सकाळी साडेसात ते साडेनऊ हे दोन तास सर्वांत चांगले. त्यानंतर सावल्या इतक्या सरकतात, की आपण सुरुवातीला काढलेले चित्र आणि समोरचा डोंगर या दोन वेगळ्या गोष्टी होतात, आणि त्या दोन्हींना एकत्र बसवण्याच्या प्रयत्नात चित्राची वाट लागते. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या सीमा पक्क्या कराव्यात आणि नंतर ऊन कुठेही जावो, त्या बदलू नयेत. उत्तरेकडे तोंड करून बसताना आपल्या मागून येणारे ऊन थेट कॅनव्हासवर पडते, एवढी एक अडचण आहे. उन्हातल्या कॅनव्हासवर रंग फार उजळ भासतात, त्यामुळे आपण ते गडद करत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेले दिसते. झाडाची सावली शोधावी किंवा छत्री बांधावी. ती छत्री रंगीत नसावी, नाहीतर तिचा रंग चित्रावर उतरतो.

ऋतूंपैकी नवशिक्याला मी डिसेंबर-जानेवारी सुचवतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते आणि डोंगर मोहक हिरवे दिसतात, पण त्या स्वच्छतेत दूरचा डोंगरही जवळचा वाटतो, प्रत्येक झाड दिसते आणि नवा चित्रकार त्या तपशिलात हरवतो. हिवाळ्यातल्या सकाळी खोऱ्यात धूर-धुक्याचा थर असतो. तो रांगांना आपल्यासाठी वेगवेगळे करून ठेवतो आणि टोनचे अर्धे काम निसर्गच करतो. पावसाळ्यात बाहेर तैलरंग लावण्याचा आग्रह धरू नये. दमट हवेने सुती कॅनव्हास सैल पडतो, रंग सावकाश वाळतो आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या चित्राला मागून बुरशी धरते.

सामानाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यात फार अडकू नये असे माझे मत आहे. नळ्या सात पुरेत: टायटेनियम व्हाइट, अल्ट्रामरीन ब्लू, सेरुलियन ब्लू, यलो ऑकर (मातकट पिवळा), लेमन यलो, बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी) आणि क्रिमसन. यातल्या क्रिमसनचा कायम टिकणारा प्रकार मागून घ्यावा, कारण मूळ अलिझरिन क्रिमसन उजेडात उडतो. अभ्यासासाठीचा बर्न्ट अंबर वेगळा. ब्रश डुकराच्या केसांचे, चपटे, ४ पासून १० क्रमांकापर्यंत चार घ्यावेत. जलरंगाचे मऊ ब्रश इथे निकामी आहेत. कॅनव्हासऐवजी एमडीएफचे १० × १२ इंचांचे तुकडे कापून, त्यावर प्रायमरचे, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचे, दोन-तीन हात देऊन वापरले तर खर्च बराच कमी होतो आणि खराब होण्याची भीतीही जाते. ही भीती जाणे शिकण्यासाठी फार आवश्यक आहे.

पांढऱ्या पृष्ठभागावर थेट सुरुवात करू नये. पांढऱ्यावर कोणताही रंग त्याच्या प्रत्यक्ष टोनपेक्षा गडद भासतो आणि आपण भीतभीत सगळेच फिके लावतो. आदल्या आठवड्यात बर्न्ट सायना किंवा यलो ऑकर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून तुकड्यावर फिरवावा, फडक्याने पुसावा आणि वाळू द्यावा. या मध्यम टोनवर उजळ आणि गडद दोन्ही लगेच कळतात. शिवाय सायनाचा उबदार तळ निळसर सावल्यांतून कुठे कुठे डोकावत राहिला तर सह्याद्रीच्या मातीचा रंग न लावताच चित्रात येतो.

आता मळक्या रंगाची तक्रार. जलरंगात आपण पांढरा कागद राखून उजळाकडून गडदाकडे जातो. तैलरंगात क्रम बदलतो. इथे सावल्या आधी, पातळ आणि पांढऱ्याविना ठेवाव्यात, आणि उजेड नंतर, घट्ट रंगाने वर बसवावा. सावलीत पांढरा शिरला की ती दुधाळ होते, आणि त्या दुधाळ सावलीवर लावलेला उजेड तिच्यात मिसळून राखाडी चिखल होतो. दुसरे कारण हाताच्या सवयीचे आहे: एक फटकारा मारून न थांबता आपण तोच रंग कॅनव्हासवर घासत राहतो. ओल्या थरावर दुसरा थर ठेवायचा असेल तर ब्रश रंगाने भरलेला असावा, हात हलका असावा, आणि एका फटकाऱ्यानंतर ब्रश पुसून पुन्हा भरावा. माझ्या डाव्या हातात चित्र करताना सतत फडके असते. ते फडके ज्याच्या हातात नसते त्याचे चित्र तासाभरात मळणार, हे मी लांबूनही ओळखतो.

तिसरे कारण पॅलेटवर घडते. समोर पाहायचे, थोडा रंग कालवायचा, लावायचा, पुन्हा पाहायचे, अशा पद्धतीने प्रत्येक मिश्रणात आधीच्या मिश्रणाचा अंश जातो. त्याऐवजी चित्र सुरू करण्याआधी वीस मिनिटे केवळ ढीग तयार करण्यात घालवावीत. पांडवगडाच्या डिसेंबरच्या सकाळसाठी मी ते असे करतो. आकाशाच्या वरच्या भागासाठी पांढऱ्यात अल्ट्रामरीन, खाली येताना सेरुलियन, आणि क्षितिजाशी पांढऱ्यात ऑकर व क्रिमसनचा अगदी कण. सर्वांत मागच्या रांगेसाठी आकाशाचाच रंग घेऊन त्यात अल्ट्रामरीन आणि किंचित क्रिमसन. आकाशाच्या ढिगातूनच तो काढल्यामुळे ती रांग आकाशाशी नाते ठेवून राहते. मुख्य डोंगराच्या सावलीसाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना, हवेचा परिणाम दाखवण्यापुरता त्याच आकाशाच्या रंगाचा थोडा भाग. सावलीत पांढरा नको असे वर म्हटले त्याला दूरच्या डोंगराचा हा एवढा अपवाद आहे. उन्हातल्या गवतासाठी ऑकर, पांढरा आणि सायना. कड्याच्या उन्हातल्या भागाला काळा रंग कधीही लावू नये: सह्याद्रीचा हा लाव्ह्याचा खडक, म्हणजे बेसॉल्ट, पावसात भिजलेला असतानाच काळा दिसतो, हिवाळ्यातल्या उन्हात तो करडा, थोडा जांभळट-तपकिरी असतो. पुढच्या झाडीसाठी अल्ट्रामरीन, लेमन यलो आणि तो हिरवा मारण्यासाठी सायना. तयार हिरव्याची नळी मी मुद्दाम यादीत घेतलेली नाही.

रांगांच्या कडांविषयी वर राहिले होते ते आता सांगतो. डोंगर आणि आकाश जिथे भेटतात ती धार सगळीकडे सारखीच तीक्ष्ण ठेवली, तर तोच पुठ्ठा पुन्हा उभा राहतो. यासाठी आकाश आधी पूर्ण करून त्यावर डोंगर चिकटवू नये. दोन्ही एकत्र, ओले असतानाच पुढे न्यावेत, आणि आकाशाचा रंग डोंगराच्या रेषेच्या थोडा आतपर्यंत नेऊन त्यात डोंगराचा रंग शिरू द्यावा. मग माथ्याजवळ, जिथे ऊन पडलेला कातळ आकाशाला भिडतो, तिथे एक-दोन ठिकाणीच धार स्पष्ट करावी. बाकीच्या ठिकाणी कोरडा, स्वच्छ ब्रश एकदाच हलकेच फिरवला की पुरे. उताराच्या खालच्या टोकाला, जिथे धुके आहे, तिथे ही धार पूर्ण हरवली तरी चालते.

फोटोवरून चित्र करावे का, असे आपण शेवटी विचारले आहे. पहिल्या वर्षात शक्यतो नको. कॅमेरा सावल्या काळ्या करतो आणि आकाश पांढरे धुऊन टाकतो, म्हणजे ज्या दोन गोष्टी आपण शिकत आहोत त्याच तो बिघडवतो. मोबाइलची भिंग रुंद कोनाची असल्याने फोटोत डोंगर लहान, बुटके आणि लांब गेलेले दिसतात, तर आपला डोळा उंचीला जास्त महत्त्व देतो. फ्रेंच चित्रकार पॉल सेझान याने एक्स-आं-प्रोव्हान्सजवळचा सेंत-व्हिक्त्वार हा डोंगर १९०६ साली मृत्यू येईपर्यंत पुन्हा पुन्हा रंगवला. त्याच जागांवरून घेतलेल्या छायाचित्रांशी त्याची चित्रे ताडून पाहिली, तर चित्रातला डोंगर पुष्कळदा मोठा आणि जवळ आलेला आढळतो. आपणही पांडवगडाचा माथा मोजमापापेक्षा थोडा उंच केला तर ते खोटे ठरत नाही. मात्र रुंदी आणि कड्यांचे पट्टे त्याच प्रमाणात सांभाळावे लागतात. मोबाइलचा एक उपयोग मी जरूर करतो: झालेल्या चित्राचा फोटो घेऊन तो कृष्णधवल करून पाहतो, म्हणजे टोनची चूक तिथल्या तिथे दिसते.

चांगली तैलचित्रे प्रत्यक्ष पाहण्याला मात्र पर्याय नाही, कारण रंगाची जाडी छापील प्रतीत दिसत नाही. आपण सातारा जिल्ह्यातच राहता, तर औंधचे श्रीभवानी संग्रहालय आपल्याला जवळ आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलेल्या या संग्रहालयात राजा रविवर्मा, चित्रकार म. वि. धुरंधर आणि इतर अनेकांची चित्रे आहेत. व्यक्तिचित्र असले तरी मागचे झाड, डोंगर, आकाश कसे आणि किती थोडक्यात उरकले आहे ते पाहावे. रविवर्म्याचे धाकटे बंधू राजराजवर्मा स्वतः निसर्गचित्रकार होते आणि थोरल्या भावाला चित्रांच्या कामात साहाय्य करीत, हे तिथे उभे राहून आठवले म्हणजे नजर आपोआप पार्श्वभूमीकडे वळते. कुलू खोऱ्यात नग्गरला राहून रशियन चित्रकार निकोलस रोरिक यांनी केलेली हिमालयाची चित्रेही अभ्यासण्यासारखी आहेत, पण ती प्रामुख्याने टेंपरा, म्हणजे तेलाऐवजी पाण्यात कालवलेल्या रंगांच्या, माध्यमातली आहेत. त्यांच्याकडून मोठमोठे सपाट टोन घ्यावेत, तैलरंगाची हाताळणी घेऊ नये.

माध्यमाच्या शिस्तीबद्दल जे अनिवार्य आहे तेवढे सांगतो. तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होत जाते, त्याला दिवस लागतात. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, कमी तेलाचा असावा आणि वरच्या थरांत तेल वाढत जावे. वर लवकर वाळणारा आणि खाली उशिरा वाळणारा थर आला, की खालचा हलत राहतो आणि वरचा तडकतो. अंबरसारखे मातीचे रंग लवकर वाळतात. टायटेनियम व्हाइट आणि क्रिमसन सावकाश. जवसाच्या तेलाऐवजी घरातले गोडेतेल किंवा खोबरेल कधीही वापरू नये. एका विद्यार्थिनीने अडीअडचणीला खोबरेल घातले होते. ते तेल वाळणाऱ्या तेलांपैकी नाही, त्यामुळे तिचे चित्र महिन्यांनंतरही बोटाला लागत होते आणि अखेर टाकून द्यावे लागले. घराला रंग देणारे जे टर्पेंटाइन हार्डवेअरच्या दुकानात मिळते ते ब्रश धुण्यापुरते ठीक आहे, रंगात मिसळायला चित्रकलेच्या दुकानातलेच आणावे.

एक गोष्ट कृपया हलक्यात घेऊ नये. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून डब्यात किंवा पिशवीत टाकली, तर तेल वाळताना निर्माण होणारी उष्णता आत कोंडते आणि ती फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत. घरात रंगवताना खिडक्या उघड्या असाव्यात आणि टर्पेंटाइनची बाटली काम नसेल तेव्हा बंद असावी.

झालेली छोटी चित्रे आठवडाभर तरी धूळ लागणार नाही अशा उजेडाच्या जागी उभी ठेवावीत. अंधाऱ्या कपाटात जवसाचे तेल पिवळट पडते. व्हार्निशची घाई करू नये, पातळ चित्रालाही सहा महिने जाऊ द्यावेत. आणि जी चित्रे बिघडली आहेत ती फेकू नयेत. पूर्ण वाळल्यावर पाणी लावून पॉलिश पेपरने त्यांचे उंचवटे घासावेत, पुसून कोरडे करावेत आणि त्यावर सायना व पांढऱ्या तैलरंगाचा पातळ हात देऊन तोच तुकडा पुढच्या सकाळसाठी वापरावा. त्यावर अ‍ॅक्रिलिकचा प्रायमर मात्र लावू नये. तेलाच्या थरावर तो धरत नाही आणि पुढे पापुद्र्यासारखा सुटून येतो.